भाऊ, तुझा पेंग्विन आणि माझी सील

भाऊ,

तुझ्या शोकसभेत त्यांनी तुला देव करून टाकलं. शाळेच्या पटांगणात मंडप घातला होता, तुझा फोटो खुर्चीवर ठेवला होता, आणि माइक सारखा खरखरत होता. एकजण म्हणाले, "सरांनी मुलीला आईची माया दिली आणि बापाचं छत्रही दिलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरे म्हणाले, "मुलगी घरी आल्याशिवाय सर घास तोंडात घालायचे नाहीत." पुन्हा माना डोलल्या. मी पुढच्या रांगेत बसून ओठ घट्ट मिटून घेतले होते. मला उठून ओरडावंसं वाटत होतं, अहो, कौतुक कसलं करताय? स्वतःकडे असं न बघणंच त्याला भोवलं.

ओरडले नाही. दोंडाईच्यात मी तुझी बहीण म्हणून ओळखली जाते, आणि मयताच्या बहिणीनं रडायचं असतं, भांडायचं नसतं. पण आपण दोघं भांडल्याशिवाय कधी बोललो होतो का? मग आजच मी गोड गोड का बोलू?

आपल्या भांडणाची सुरुवात तुला आठवत असेल. त्या वर्षी आपले शास्त्रज्ञ दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर जाऊन आल्याचं पेपरात आलं होतं, आणि सगळ्या शाळांना अचानक बर्फाचं वेड लागलं. धुळ्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तू ठरवलंस की बर्फावरचा एक पक्षी आणि एक सस्तन प्राणी शेजारी शेजारी मांडायचे आणि मुलांना तुलना करायला लावायची. पक्षी तू घेतलास, एम्परर पेंग्विन. प्राणी माझ्यावर टाकलास, कारण मी फैजपूरला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते आणि आमच्या लायब्ररीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. मी वेडेल सील निवडली. नाव ऐकून तू इतका हसलास की चहा सांडलास. म्हणालास, "नलू, बरोब्बर तुझ्या जातीचा प्राणी सापडला. वेडेल!" पुढे कितीतरी वर्षं तू मला त्याच नावानं हाक मारलीस. मनूलाही शिकवलंस. "वेडेल आत्या आली" असं ओरडत ती पोरगी अंगणातून धावत यायची.

मनू तेव्हा सातवीत होती. वहिनीला जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. कावीळ झाली आणि बघता बघता गेली. त्यानंतर तू दुसरं लग्न केलं नाहीस, मनूला माझ्याकडेही पाठवलं नाहीस. मी किती मागे लागले होते. "माझी मुलगी माझ्याजवळ राहील," एवढं एकच वाक्य. तिची वेणी तू घालायचास. पहिले कित्येक महिने ती वेणी एका बाजूला कललेली असायची आणि गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, तरी तू मागे हटला नाहीस. हे मी विसरलेले नाही. चिडले आहे म्हणून सगळंच नाकारेन असं समजू नकोस.

तर ते प्रदर्शन. तुझ्या शाळेचे ड्रॉइंगचे चौधरी सर थर्माकोलचा बर्फ करत बसले होते. धुळ्याच्या त्या हॉलमध्ये पंखा नव्हता, थर्माकोलला घामाचे हात चिकटत होते, आणि तू मुलांना सांगत होतास, बघा, भर हिवाळ्यात, जिथे सूर्यसुद्धा उगवत नाही तिथे, मादी अंडं घालते, ते नराकडे देते आणि समुद्राकडे निघून जाते. नर ते अंडं स्वतःच्या पायांवर ठेवतो, वरून पोटाची घडी पांघरतो आणि उभा राहतो. दोन महिने तसाच. खात नाही. वारा सुटला की सगळे बाप एकमेकांना चिकटून उभे राहतात, आतले बाहेर येतात, बाहेरचे आत जातात. निम्मं वजन झडतं, पण अंडं बर्फाला टेकू देत नाही. आणि आई यायच्या आधीच पिल्लू बाहेर आलं, तर हाच उपाशी बाप घशातून दुधासारखं काहीतरी काढून त्याला भरवतो.

मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. तुझा आवाज जरा कापला होता. मी बघितलं होतं, भाऊ.

मग माझी पाळी आली. मी सांगितलं की वेडेल सीलची आई बर्फावर पिल्लू घालते, आणि तिचं दूध इतकं दाट असतं की पिल्लू काही दिवसांतच दुप्पट होतं. ती स्वतः त्या काळात फारसं खात नाही, आटत जाते. पण खरी गोष्ट पुढेच आहे. पिल्लाला अजून नीट पोहताही येत नसतं, तेव्हाच ती त्याला बर्फातल्या भोकातून पाण्यात उतरवते. स्वतः बरोबर उतरते. खाली काळंशार पाणी, वर जाड बर्फ, आणि श्वास घ्यायला तेवढं एक भोक. ते पुन्हा गोठू नये म्हणून सील दातांनी बर्फ खरवडत राहते. आयुष्यभर. दात झिजतात. दात गेले की भोक उघडं ठेवता येत नाही, आणि मग तिचंही संपतं.

परीक्षक म्हणून आलेल्या एका साहेबांनी चष्मा पुसत विचारलं, "छान. मग या दोघांत जास्त चांगला पालक कोण?"

"पेंग्विन," तू म्हणालास.

"सील," मी म्हणाले.

दोघांचं एकदमच निघालं. साहेब हसले. आपण नाही हसलो. "सीलचा बाप काय करतो ते सांग की," तू सगळ्यांसमोर म्हणालास. "पाण्यात भोकाखाली राखण करत फिरतो, दुसऱ्या नरांशी मारामाऱ्या करतो. पिल्लाकडे ढुंकून बघत नाही!" मी म्हणाले, "आणि तुझे पेंग्विन? पिल्लू जरा मोठं झालं की आईबाप दोघंही निघून जातात. पिल्लं आपली आपण चालत समुद्राच्या काठाशी जातात आणि उडी मारतात. कुणी पोहायला शिकवलं? कुणीच नाही!" तेव्हा तू चिडून अहिराणीवर आलास. "बठ्ठं तुलेच समजस ना!" सगळं म्हणे मलाच कळतं. चौधरी सरांनी मधे पडून आपल्याला उसाचा रस पाजायला नेलं. बक्षीस दुसऱ्याच शाळेच्या बायोगॅसला मिळालं.

बक्षिसाचं मला काही नव्हतं. पण ते भांडण संपलं नाही. दिवाळीला मी आले तरी संपलं नाही, तू भुसावळला कुणाच्या लग्नाला आलास तरी संपलं नाही. कोण जास्त खोल बुडी मारतं, कोण जास्त वेळ श्वास धरतं. सील तासभर श्वास धरते असं मी सांगितलं की तू म्हणायचास, "पण तुझी ती मोठी बोजड, माझा पक्षी आहे पक्षी! पंख असून पाण्यात उडतो!" या सगळ्यात मनू मधे बसून दोघांची तोंडं बघायची. आपण वाद घालत होतो तेव्हा ती पोरगी मनात समुद्र साठवत होती, हे आपल्या दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. समुद्र तर आपल्यापैकी कुणी पाहिलाही नव्हता. मी एकदा मुंबईला चौपाटीवर पाऊण तास उभी राहिले होते, तेवढंच.

मनू धुळ्याला कॉलेजात जाऊ लागली. होस्टेलला ठेव म्हटलं, तर नाही. रोज एसटीनं जाऊन येऊन. आणि तू रोज संध्याकाळी दोंडाईच्याच्या स्टँडवर उभा. गाडी लवकर येवो की उशिरा, तू तिथे. शाळेतून परस्पर यायचास, दुपारचा डबा कधी खाल्लेला असायचा, कधी तसाच. "ती येऊ दे, मग बरोबर बसू." मनूनं मला एकदा रडत रडत सांगितलं होतं, "आत्या, बाबा उभे असतात ना, त्यामुळे मला मैत्रिणींबरोबर पाच मिनिटं थांबतासुद्धा येत नाही. गाडी चुकली तर ते तिथेच उभे राहतील म्हणून मी जीव टाकत धावते." मी तुला हे सांगितलं होतं. तू म्हणालास, "मग धावू नको म्हणावं. मी काय, उभाच असतो."

तुला कळतच नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं?

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला तिनं तोंड उघडलं. रत्नागिरीला जायचं. समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करायचा. तिच्या मार्कांवर तिला तिथे प्रवेश मिळण्यासारखा होता. तिनं तुला विचारलं, आणि तू म्हणालास, "बघू."

तुझं ते "बघू"! भाऊ, तू सरळ नाही म्हणाला असतास तर मी तुझ्याशी दोन हात केले असते. तुला नाहीही म्हणवत नव्हतं आणि होही म्हणवत नव्हतं. मला पोरीनं निरोप धाडला म्हणून मी एप्रिलात आले, आठवतं? सकाळी गच्चीवर खाटा टाकून ज्वारीचे पापड, आपल्या बिबड्या, वाळत घालत होतो. मी पीठ पळीनं पसरत होते आणि तू कावळे हाकलायला काठी घेऊन बसला होतास. उन्हानं डोळे दुखत होते.

"तिला हो म्हण," मी म्हणाले.

"बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू. निकाल तर लागू दे."

"निकालाचा काय संबंध? तुला पाठवायचंय की नाही?"

"एकली पोर, नलू. एवढ्या लांब. कोन शे तठे आपलं?"

"कुणी नसतं. म्हणूनच आपण बरोबर जायचं, चार दिवस राहायचं, तिला सगळं दाखवून द्यायचं आणि मग परत यायचं. तुझा तो पेंग्विनसुद्धा पिल्लू पायांवरून खाली उतरवतो. जन्मभर घेऊन नाही बसत."

तू काठी खाली ठेवलीस. मला वाटलं, आता ओरडशील. पण तू फार हळू बोललास. "माझ्या मुलीवर तुझं जीवशास्त्र चालवू नकोस."

मी पुन्हा पीठ पसरायला लागले. दुपारी जेवताना तू अर्धीच भाकरी घेतलीस. मी म्हटलं, "एवढीच?" तर म्हणालास, "ऊन फार आहे." छातीवर हात चोळत होतास. मी पाहिलं आणि मला वाटलं, घामोळं असेल. शिक्षक माणूस तू, स्वतःच्या शाळेत हृदयाची आकृती फळ्यावर काढून दाखवणारा! तुला कळलं नसेल असं कोण म्हणेल?

कळलं होतं. चौधरी सरांनी दशक्रियेनंतर सांगितलं. मार्चमध्ये तू त्यांच्याबरोबर धुळ्याला डॉक्टरांकडे गेला होतास. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या, विश्रांती सांगितली, वेळेवर खायला सांगितलं. तू बाहेर येऊन चौधरी सरांना शपथ घातलीस की मनूची परीक्षा होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. ते बिचारे माझ्यासमोर उभे राहून रडत होते. "ताई, मी सांगायला हवं होतं." मी त्यांना काय म्हणणार? मला तर तुला गाठून हलवायचं होतं. अरे, परीक्षा ती देत होती! तू कशाला श्वास धरून बसलास? तिला काय बापाच्या तपासणीनं मार्क कमी पडणार होते? आता तिला जन्मभर वाटत राहील की तिच्या परीक्षेपायी बाबा गेले. हे तिच्या पदरात टाकून तू मोकळा झालास. तुला वाटलं होतं, तू तिचं ओझं उचलतोयस.

त्या एप्रिलच्या संध्याकाळी तू मला गाडीत बसवायला आलास. सुरतेकडून येणारी पॅसेंजर उशिरा होती. आपण बाकावर शेजारी बसून सिग्नलकडे बघत राहिलो. गाडी आली, मी खिडकीशी बसले. तू खिडकीचा गज धरून म्हणालास, "पुढच्या खेपेला आलीस की नीट बोलू. मलाही तुला एक सांगायचंय."

"आत्ताच सांग की."

"आत्ता नको. तू रागात आहेस."

गाडी हलली. तू गज सोडलास.

काय सांगायचं होतं, भाऊ? छातीचं? की रत्नागिरीला हो म्हणायचं ठरवलं होतंस? की नाही म्हणायचं ठरवून मला गप्प करणार होतास? मी भाजी चिरताना, मुलांना बेडूक शिकवताना, भुसावळच्या स्टँडवर फैजपूरच्या गाडीची वाट बघताना हेच उलटून पालटून बघत असते. मी रागात होते, खरंय. पण मी रागात नव्हते असा एखादा दिवस तुला कधी सापडला होता? त्या दिवशीच कशाला एवढं शहाणपण?

मनूचा शेवटचा पेपर झाला आणि आठवड्याच्या आत तू गेलास. कॉलेजच्या ऑफिसात ट्रंक कॉल आला. पलीकडून चौधरी सर नुसतं "ताई, ताई" म्हणत होते.

त्यानंतरचं तुला सांगायला हवं, कारण तुझ्या नावावर जे काही खपवलं गेलं ते तू ऐकायला हवंस. दशक्रियेच्या दुपारी सगळे ओसरीवर बसले होते. मनूचे मामा म्हणाले, "आता या वर्षी पोरीचं उरकून टाकू. शहाद्याकडे एक चांगलं स्थळ आहे. भाऊंची तीच इच्छा होती." कुणीतरी म्हणालं, "हो, मलाही बोलले होते." तिसरं म्हणालं, "एकट्या मुलीला बाहेर पाठवायला ते तयारच नव्हते." सगळ्यांना तुझी इच्छा माहीत होती! फक्त मला माहीत नव्हती आणि तुझ्या मुलीला माहीत नव्हती. तू "बघू" म्हणून जी जागा मोकळी सोडलीस, तिथे जो तो आपलं बिऱ्हाड घेऊन शिरत होता.

मनू आतल्या दारात उभी होती. तिनं सगळ्यांसमोर मला विचारलं, "आत्या, बाबा तुला काही म्हणाले होते? खरं सांग."

एक खोटं बोलले असते तर काम झालं असतं. "हो, जाऊ दे म्हणाला होता," एवढंच. मामांनाही मग बोलता आलं नसतं. ते वाक्य जिभेवर आलं होतं. पण ती माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होती ना, त्या डोळ्यांत घालायला मला ते जमलं नाही. तिला बापाचा शब्द हवा होता, माझा नको होता.

"नाही," मी म्हणाले. "'बघू' म्हणाला. शेवटपर्यंत 'बघू'च म्हणाला."

मला वाटलं, ती रडेल. ती मामांकडे वळून म्हणाली, "मग आता मी बघते. मी रत्नागिरीला जाणार."

मामा उठले. "पोरी, बाप जाऊन दहाच दिवस झालेत..."

"म्हणूनच आत्ता सांगतेय, मामा. नंतर तुम्ही म्हणाल, आधी का नाही बोललीस."

"आणि तिच्याबरोबर मी जाते," मी म्हणाले. मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू सगळ्या घराचं मीच वाटोळं केलं. बघू दे. पण एक सांगू? त्या क्षणी मला तिच्यात माझी काहीच शिकवण दिसली नाही. तिची मान जशी ताठ होती, हनुवटी जशी वर होती, ती तुझी होती. वहिनी गेल्यावर "माझी मुलगी माझ्याजवळ राहील" म्हणताना तू असाच उभा होतास. याबद्दल मी तुझे आभार मानते. नाइलाजानं मानते, पण मानते. तिला हट्ट तू दिलास. फक्त तो तिच्या बाजूनं कधी वापरला नाहीस.

निकाल लागला. चांगला लागला. धुळ्याहून पुणे, पुण्याहून रत्नागिरी, अशा दोन एसट्या करून आम्ही काल पोचलो. घाटात तिला उलट्या झाल्या, मलाही झाल्या. आज सकाळी आधी समुद्र बघायला गेलो, मग कॉलेजात. भाऊ, समुद्र निळा नाहीच. या दिवसांत तर मुळीच नाही. तापीला पूर आल्यासारखा मातकट, आणि आवाज इतका की मला तिचं बोलणं ऐकू येईना. एक कोळीण ओरडून आम्हाला मागे व्हा म्हणत होती. मनू मागे झाली नाही, पुढेही गेली नाही. पदर आवळून उभी राहिले मी, आणि मला तुझी इतकी चीड आली! हे बघायला तू इथे हवा होतास. माझ्याशी वाद घालायला हवा होतास, की ही लाट पेंग्विनला जमेल की सीलला. एकटीनं भांडायला मजा येत नाही रे. मी अजूनही म्हणते की सीलच बरोबर. पण पुढचं उत्तर कोण देणार?

दुपारी वसतिगृहात नाव घालायला गेलो. तिथल्या बाई मोठ्या मायाळू होत्या. मनूला समोर बसवून एकेक विचारत होत्या. गाव कुठलं, जेवणात काय चालतं, मासे खातेस का. मग सहज म्हणाल्या, "वडील काय करतात?"

"शिक्षक आहेत," मनू म्हणाली.

आहेत, म्हणाली.

माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. बाईंनी "अगं वा, म्हणजे घरात अभ्यासाचं वातावरण आहे" म्हटलं, मनूनं मान हलवली आणि आपली वळकटी उचलून जिना चढून गेली.

मी खाली उभी होते, भाऊ. तुझ्यावर इतकी रागावलेली मी कधीच नव्हते. एक हो म्हणायला तुला एवढं काय लागलं असतं रे?

तुझी नलू